जुने गिटार ॲम्प: साल कसं ओळखायचं, काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

टोलेक्स (धागाकर्ता)

गिटारबद्दल मराठीत बऱ्यापैकी लिहिलं जातं, पण गिटार ज्या पेटीतून ऐकू येते तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा निम्मा आवाज ॲम्पचा असतो असं माझं ठाम मत आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या) ॲम्पचा मी अभ्यास करतो, जमतील तसे जमवतो, आणि इथे कुणाकुणाच्या घरी एखादा पडून असेल अशी दाट शंका आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात एका जोडीपासून करतो, कारण ॲम्पचं संशोधन म्हणजे काय हे तिच्याइतकं कुठेच स्पष्ट होत नाही.

लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्याचं दुकान होतं. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस ही बेस गिटार काढली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी बेसमन हा ॲम्प. आधी त्यात १५ इंची एकच स्पीकर होता, पुढे १० इंची चार आले. १९५८ ते १९६० या काळातल्या बेसमनचं सर्किट ५एफ६-ए म्हणून ओळखलं जातं. ५ हे पन्नासचं दशक, एफ ही सर्किटची आवृत्ती, ६ हा बेसमनचा क्रमांक आणि शेवटचा ए ही नंतरची सुधारणा. केला बेससाठी, पण उचलून धरला गिटारवाल्यांनी.

तिकडे लंडनच्या पश्चिम टोकाला हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. तो स्वतः ड्रम वाजवायचा आणि शिकवायचा. अमेरिकेहून येणारे फेंडर तिथल्या पोरांच्या खिशाला परवडत नव्हते. १९६२ मध्ये दुकानातला दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि तरुण डडली क्रेव्हन यांनी बेसमनचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा ॲम्प बांधला. तोच जेटीएम४५, पहिला मार्शल.

दोघांच्या सर्किटचे नकाशे शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागतो. आवाज मात्र शेजारी ठेवले तर साम्य शोधावं लागतं. फेंडरने पहिल्या टप्प्यात १२एवाय७ हा व्हॉल्व्ह घातला होता, मार्शलने ईसीसी८३. पहिल्याचा वर्धन गुणांक ४४, दुसऱ्याचा १००. म्हणजे सिग्नल पुढे जाताना सुरुवातीलाच जास्त तापलेला. आउटपुटच्या व्हॉल्व्हना मार्शलमध्ये आधी ५८८१ आणि मग ब्रिटिश केटी६६. आउटपुट ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळाला तो. फीडबॅक, म्हणजे आउटपुटकडून मागे आणलेला सिग्नल, ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या टॅपवरून घेतल्यामुळे त्याचं प्रमाण वेगळं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे १० इंची चार जेन्सन स्पीकर आणि मागून उघडी पाइनची पेटी, याऐवजी १२ इंची चार सेलेस्टियन स्पीकर आणि मागून बंद पेटी. एवढ्यावर एका आवाजाचे दोन वंश झाले.

म्हणून मी म्हणतो की सर्किटचं नाव कळलं म्हणजे ॲम्प कळला असं नाही. आत कुठला ट्रान्सफॉर्मर आहे, कुठला स्पीकर आहे, कुठले कंडेन्सर आहेत हे बघितल्याशिवाय त्या पेटीबद्दल काहीही बोलू नये, आणि पैसे तर मोजूच नयेत.

आता साल. विकणारा सांगतो ते साल मी लिहून घेतो आणि बाजूला ठेवतो. सिरियल नंबर ढोबळ मदत करतो. खरी साक्ष आतल्या सुट्या भागांची. अमेरिकन भागांवर कारखान्याचा कोड छापलेला असतो: आधी उत्पादकाचा क्रमांक, मग वर्ष, मग आठवडा. २२० म्हणजे जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ३०४ स्टॅकपोल, ६०६ शूमाकर. ट्रान्सफॉर्मरवर ६०६-४-२२ दिसलं तर तो शूमाकरने २२ व्या आठवड्यात बनवला. वर्षाचा आकडा एकच असेल तर १९५४ की १९६४ हा प्रश्न उरतो, तो सर्किट आणि पेटीचं रूप बघून सुटतो.

फेंडरच्या ॲम्पमध्ये आतल्या बाजूला व्हॉल्व्हची जागा दाखवणारा कागद चिकटवलेला असतो. त्यावर दोन अक्षरांचा रबरी शिक्का मारलेला असतो. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५१, बी म्हणजे १९५२, असं पुढे. दुसरं महिन्याचं. एनएफ दिसलं तर जून १९६४.

यातला कळीचा नियम असा: प्रत्येक भागाची तारीख फक्त एवढंच सांगते की ॲम्प त्याच्या आधी बनलेला नाही. म्हणून सगळ्या कोडमधला सर्वांत उशिराचा कोड धरायचा. कारखान्याच्या फडताळात माल पडून राहायचा. फेंडरच्याच गिटारींमध्ये १९६६ चे पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागचा भाग) पुढची दोन-तीन वर्षं वापरलेले सापडतात. आणि तीन कोड १९६४ चे आणि एकच १९७२ चा निघाला, तर तो भाग बदललेला आहे. अशा वेळी तिथलं सोल्डर निरखून बघायचं. मूळ सोल्डरला एक सलग पातळ चकाकी असते. नंतर हात लागलेल्या सांध्यावर गोळा दिसतो, भोवती जळका राळेचा डाग असतो, आणि वायरचं कापडी आवरण मागे करपलेलं असतं.

कुणाकडे काही असेल तर कोड इथे टाका. मिळून वाचू.

सोल्डरगन

उत्तम धागा. पण पेटी उघडा म्हणताय, तर आधी हे वाचा.

व्हॉल्व्ह ॲम्पच्या फिल्टर कंडेन्सरमध्ये (आतला डीसी सपाट करणारे, वीज साठवणारे भाग) ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो राहू शकतो. मीटर लावून शून्याजवळ आल्याची खात्री केल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. उतरवायला जास्त वॅटेजचा रेझिस्टर, एका टोकाला पक्की क्लिप, आणि दुसरा हात पाठीमागे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. तसं करू नका, कंडेन्सरही जातो आणि माणूसही जाऊ शकतो.

वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प थेट प्लगला लावायचा नाही म्हणजे नाही. सिरीज बोर्ड तर कुठल्याही वायरमनकडे असतो. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा डिमरस्टॅट असेल तर आणखी बरं.

अमेरिकन जुन्या ॲम्पची वायर दोन पिनी असते आणि मेन्सपासून (घरातल्या विजेपासून) चॅसिसला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) एक कंडेन्सर जोडलेला असतो, मागे ग्राउंड स्विच असतो. तो कंडेन्सर शॉर्ट झाला की मेन्स थेट चॅसिसवर, तिथून गिटारच्या तारांवर. तो काढायचा आणि अर्थिंगसकट तीन पिनी वायर टाकायची. यात अस्सलपणाचा विचार करायचा नाही.

ठाणे_फास्ट

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: पुढची, बटणांची पट्टी काळी असलेले फेंडर आणि चंदेरी असलेले फेंडर यांच्या भावात एवढी तफावत का? चंदेरी खरंच वाईट असतात का?

टोलेक्स

सोल्डरगन, मनापासून आभार. सुरक्षेचं हे सगळं मूळ लेखाचाच भाग समजून वाचावं.

ठाणे_फास्ट, जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरला. १९६८ पासून पट्टी चंदेरी झाली. नव्या मालकांच्या इंजिनिअरांनी काही मॉडेलांची सर्किटं बदलली, आवाज 'स्वच्छ' करण्यासाठी. ट्विन, सुपर, बेसमन यांच्यात हे बदल जास्त. वाजवणाऱ्यांना ते रुचले नाहीत आणि त्यावरून सगळ्याच चंदेरी ॲम्पांचं नाव खराब झालं.

पण प्रिन्स्टन रिव्हर्ब आणि डिलक्स रिव्हर्ब या लहान ॲम्पांच्या सर्किटला जवळजवळ धक्का लागला नाही. मला कुणी विचारलं तर मी सांगेन, वाजवायला हवा असेल तर साठच्या दशकाअखेरचा चंदेरी डिलक्स घ्या. पट्टीच्या रंगासाठी जादा पैसे मोजणं मला पटत नाही.

एक सावधगिरी. चंदेरीची पट्टी बदलून काळी म्हणून विकण्याचे प्रकार होतात. तिथेही उत्तर तेच, आतले कोड बघा.

जुनं_सोनं

लेख माहितीपूर्ण आहे, पण एक मतभेद नोंदवतो. संग्राहकाने काहीच बदलू नये. कंडेन्सर नाही, वायर नाही. ज्या क्षणी सोल्डरिंग आयर्न लागलं त्या क्षणी तो ऐवज राहत नाही. वाजवायला नवे ॲम्प भरपूर आहेत.

मांडवीकाठ

नमस्कार. मी गिटार वाजवत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझे मामा तारवटी होते, बोटीवर कामाला. सुट्टीवर आले की गावच्या लग्नांतून आणि क्लबातून वाजवायचे. त्यांच्या बार्देशातल्या घरात माळ्यावर एक फेंडर ॲम्प आहे. आई म्हणते, गोवा मुक्त झाल्याच्या पुढच्याच वर्षी मामांनी तो अमेरिकेहून आणला, म्हणजे १९६२. एका माणसाने घरी येऊन बघितला आणि "जुनी पेटी आहे, लाकडाचे पैसे देतो" म्हणून अगदी किरकोळ किंमत सांगितली. मग वाटलं आधी विचारावं.

प्लगला लावलेला नाही. मागची फळी भावाने स्क्रू काढून उघडली, टॉर्च घेऊन दिसलं ते लिहिते:

पुढची पट्टी काळी, कापड रुपेरी. पट्टीवर खाली बारीक अक्षरात "फेंडर इलेक्ट. इन्स्ट. को." व्हॉल्व्ह एकूण नऊ. स्पीकर एकच, १२ इंची, त्यावर ४६५-५०८. मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर ६०६-५-०६ आणि १२५ ने सुरू होणारा आणखी एक नंबर. आतल्या कागदावर शाईने "ओसी". पेटीच्या तळाला एक चपटी काळी पिशवी आहे, हलवली की आतून स्प्रिंगसारखा आवाज येतो. ती काय आहे?

टोलेक्स

मांडवीकाठ ताई, त्या माणसाला काहीही देऊ नका. आणि पेटी पुन्हा हलवू नका!

तुमच्याकडे डिलक्स रिव्हर्ब आहे. ती काळी पिशवी म्हणजे रिव्हर्बची टाकी. तिच्यात पातळ स्प्रिंगा टांगलेल्या असतात. एका टोकाने गिटारचा सिग्नल स्प्रिंगला थरथरवतो आणि दुसऱ्या टोकाने ती थरथर उशिराने परत उचलली जाते, त्यामुळे मोठ्या सभागृहात वाजल्यासारखं ऐकू येतं. नऊ व्हॉल्व्हचा हिशेबही जुळतो: प्रिअँपला, रिव्हर्बला, व्हायब्रॅटोला मिळून सहा छोटे, आउटपुटचे दोन ६व्ही६ आणि एसीचा डीसी करणारा एक जीझेड३४ रेक्टिफायर. साधारण २२ वॅट. लग्नाच्या मांडवाला पुरून उरेल एवढा आवाज.

आता कोड. ४६५ म्हणजे ऑक्सफर्डचा स्पीकर, १९६५ चा ८ वा आठवडा. या मॉडेलात ऑक्सफर्ड मूळचाच असायचा. ट्रान्सफॉर्मर शूमाकरचा, १९६५ चा ६ वा आठवडा, आणि १२५ हा फेंडरचा भाग क्रमांक, म्हणजे तोही मूळचा. शिक्क्यातला ओ म्हणजे १९६५, सी म्हणजे मार्च. तिन्ही साक्षी एकमेकींशी इतक्या छान जुळतात की हा ॲम्प १९६५ च्या वसंतात फुलर्टनला बांधला गेला असं मी निःशंकपणे म्हणेन. पट्टीवरचं नाव अजून जुन्या कंपनीचं आहे, कारण सीबीएसने ताबा घेऊन दोनतीन महिनेच झाले होते. संग्राहक या पट्टीला भाव देतात.

म्हणजे १९६२ मात्र शक्य नाही. डिलक्स रिव्हर्ब हे मॉडेलच १९६३ मध्ये आलं. आईंची आठवण एखाद्या आधीच्या वाद्याची किंवा आधीच्या ॲम्पची असू शकते. मामांचं सीडीसी घरात आहे का? तारवट्यांच्या त्या पुस्तिकेत बोट, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि बंदर, सगळं शिक्क्यानिशी असतं. जुन्या ॲम्पचा प्रवास सिद्ध करणारा याहून चांगला कागद क्वचित मिळतो.

सोल्डरगन

+१, सीडीसी जरूर शोधा.

आणि एक महत्त्वाचं, कारण पेटी गोव्याच्या माळ्यावर आहे. फेंडरच्या आत सगळे भाग ज्या काळ्या पट्टीवर बसवलेले असतात ती मेण लावलेल्या दाबीव फायबरची असते. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत ती उत्तम. आपल्याकडच्या पावसात ती ओल शोषते आणि हळूहळू स्वतःच वीज वाहू लागते. मग ॲम्प तापला की खरखर, फटफट सुरू होते आणि मेकॅनिक एकामागोमाग एक निर्दोष भाग बदलत बसतो.

तपासायची रीत सांगतो, तुमच्या मेकॅनिकला दाखवा. ॲम्प चालू असताना मीटरची काळी पिन चॅसिसला आणि लाल पिन पट्टीच्या रिकाम्या जागेवर टेकवायची, जिथे कुठलाच सांधा नाही. तिथे शून्य यायला हवं. काही व्होल्ट दिसले तर पट्टीत ओल आहे. ॲम्प बंद करून, कंडेन्सर उतरवून, हेअर ड्रायरने मध्यम उष्णतेवर सावकाश सुकवायची. मेण वितळून भागांवर ओघळेल इतकं तापवायचं नाही. सुकवल्यावर पुन्हा मोजायचं. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

अक्सब्रिज_रोड

मी लंडनच्या साउथॉलला राहतो. अक्सब्रिज रोडने हॅनवेल अगदी शेजारी, त्यामुळे मार्शलचा उल्लेख वाचून फार आनंद झाला. पहिले काही ॲम्प दुकानातच बांधले, मागणी वाढल्यावर १९६४ मध्ये हेजला कारखाना काढला.

एक मुद्दा राहिला आहे. अमेरिकन ॲम्प भारतात किंवा इथे चालवताना लोक फक्त व्होल्टेजचा विचार करतात, फ्रीक्वेन्सीचा नाही. ताईंचा ॲम्प ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनलेला असणार. आपल्याकडे ५० हर्ट्झ. व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रीक्वेन्सी ६० वरून ५० केली की ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो. मग तो गुणगुणतो आणि गरम होतो. साठ वर्षं जुनं वाइंडिंग असं तापवणं धोक्याचं.

त्यात मेन्स २४५ असेल तर निम्म्या प्रमाणाचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) १२२ देतो. म्हणजे दोन्हीकडून मार. माझा सल्ला: ११० किंवा त्याहून किंचित कमी देणारा स्टेपडाउन बांधून घ्या, दोन वेगळ्या वाइंडिंगचा, एकाच वाइंडिंगचा 'ऑटो' नको, निदान २०० व्हीए. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्टऐवजी ५.९ च्या आसपास मिळेल, ते व्हॉल्व्हला चालतं. बाहेर पाठवायच्या फेंडरवर कारखाना वेगवेगळ्या व्होल्टेजचे टॅप असलेला ट्रान्सफॉर्मरही बसवायचा, म्हणून आधी मागच्या पट्टीवर काय छापलंय ते बघा.

ब्रिटिश ॲम्पना ही अडचण नाही. व्हॉक्स, सेल्मर, मार्शल यांच्यावर बहुधा २४५ पर्यंतचा सिलेक्टर असायचा.

टोलेक्स

अक्सब्रिज_रोड, फार मोलाची भर. ५० हर्ट्झचा मुद्दा इथे दुकानदारही सांगत नाहीत.

आता जुनं_सोनं यांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मला महत्त्वाचा वाटतो आणि मी त्याच्याशी अर्धाच सहमत आहे.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते वाळतं. वापरा, न वापरा, वाळतंच. तो भाग बनवणाऱ्यानेच झिजायचा म्हणून बनवला आहे, मोटारीच्या टायरसारखा. पन्नास-साठ वर्षांचा फिल्टर कंडेन्सर 'अस्सल' म्हणून जपला आणि तो फुटताना पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन गेला, तर आपण दहा रुपयांच्या वस्तूसाठी हजाराची वस्तू घालवली. आणि तो मूळचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणार नाही. फेंडरच्या काळ्या पट्टीच्या ॲम्पात हे कंडेन्सर चॅसिसवर पत्र्याच्या झाकणाखाली वेगळे बसवलेले असतात. ते बदलताना बाकी कशालाही हात लावावा लागत नाही.

सिग्नलच्या वाटेवरच्या कपलिंग कंडेन्सरच्या बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. डिलक्समधले निळे, पन्नाशीच्या फेंडरमधले ॲस्ट्रॉन, हे सरसकट उपटून नवे टाकणारे तंत्रज्ञ मला बघवत नाहीत. एकेकाच्या पुढच्या टोकाला डीसी मोजा. गळत असेल तर तेवढाच बदला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, पॉट, पेटी आणि तिच्यावरचं आवरण यांना निरुपाय झाल्याशिवाय हात नाही. स्पीकरचा कागदी कोन थोडा फाटला असेल तर पातळ टिश्यू कागद आणि पातळ केलेला पांढरा गोंद लावून वर्षानुवर्षं चालतो. लगेच रीकोन करून, म्हणजे नवा कोन बसवून, घ्यायची घाई नको.

आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी फुगलेला कंडेन्सरसुद्धा, पाकिटात घालून, कुठून आणि कधी काढला ते लिहून पेटीच्या तळाशी ठेवायचा. उघडण्याआधी आणि नंतर फोटो. पुढच्या मालकाला आपण काय केलं ते कळायला हवं.

जुनं_सोनं

पाकिटाची कल्पना मान्य. फिल्टर कंडेन्सरच्या बाबतीतही तुमचं म्हणणं पटलं, ट्रान्सफॉर्मर गेला तर सगळंच गेलं. पण जो ॲम्प वाजवायचाच नाही, नुसता संग्रहात ठेवायचा, त्याचं सोल्डर तसंच राहू द्यावं या मतावर मी ठाम आहे. असे चार नमुने तरी कुठेतरी अस्पर्श हवेत, नाहीतर पुढच्यांना ताडून बघायला काय उरणार?

टोलेक्स

हो, हे मान्य. ज्यांचे आतले सांधे एकदाही उघडलेले नाहीत असे ॲम्प खरोखरच कमी आहेत. ते न लावता, न उघडता, कोरड्या जागी ठेवावेत आणि त्यांचे फोटो सगळ्यांना मिळावेत.

मर्फी_रेडिओ

फेंडर, मार्शल आम्ही फक्त रेकॉर्डच्या पाकिटांवर पाहिले. आमच्या तरुणपणी इकडे हवाईयन गिटारचं वेड होतं, आणि ती वाजायची घरच्या रेडिओतून! मागे 'पिकअप' लिहिलेली दोन भोकं असायची, ग्रामोफोनसाठी. त्यात वायर खोचायची. जरा मोठ्या कार्यक्रमाला भाड्याचा आहुजा. त्यातल्या व्हॉल्व्हवाल्या आहुजातून गिटार जोरात वाजवली की जो फाटका, उबदार आवाज यायचा तो आजही कानात आहे. हे आहुजाचे जुने ॲम्प भंगारात किलोवर जातात याचं वाईट वाटतं. तेही जमवा रे कुणीतरी.

पण रेडिओला गिटार लावायचा मोह कुणाला झाला तर आधी व्हॉल्व्हची नावं वाचा. ईसीएच, ईबीएफ, ईएल अशी ई ने सुरू होत असतील तर बहुधा आत ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच, यूएल, यूवाय अशी यू ने असतील तर तो एसी-डीसी सेट. त्यात मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, चॅसिसच मेन्सला जोडलेलं असतं. त्याला गिटार कधीही लावायची नाही.

व्हॉल्व्ह हवे असतील तर बीईएलचे शोधा. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले, फिलिप्सच्या सहकार्याने. त्यांचे ईसीसी८३ आणि ईएल८४ परदेशातले गिटारवाले आता आवर्जून मागतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एखाद्या जुन्या दुकानदाराच्या खोक्यात अजून निघतात.

टोलेक्स

मर्फी_रेडिओ काका, तुम्ही हे लिहिलंत याचा खूप आनंद झाला. आणि यात एक खरा धागा जुळतो. लिओ फेंडरची सुरुवातही हवाईयन गिटारपासूनच आहे. १९४५ मध्ये डॉक कॉफमन या भागीदाराबरोबर त्याने के अँड एफ नावाने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटार आणि त्यांच्या जोडीला छोटे ॲम्प असे संच विकायला काढले. स्ट्रॅटोकास्टर वगैरे सगळं नंतरचं. तेव्हा आहुजावर हवाईयन वाजवणारे तुम्ही त्या इतिहासाच्या बाहेरचे मुळीच नाही.

आहुजाबद्दल पूर्ण सहमत. व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या आहुजाच्या आतले फोटो कुणाकडे असतील तर कृपया टाका. आपल्याकडच्या ॲम्पची नोंद आपण नाही ठेवली तर कुणीच ठेवणार नाही.

ठाणे_फास्ट

काका, आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत एक हिरवट पत्र्याचा आहुजा आहे. रविवारी बघून सांगतो. सिरीज बोर्डशिवाय लावत नाही :)

मांडवीकाठ

सगळ्यांचे खूप आभार. ताजी खबर देते.

मामांचं सीडीसी मामीच्या कपाटात मिळालं, लग्नाच्या कागदांबरोबर. १९६५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कचा शिक्का आहे आणि १९६६ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले. आईला दाखवलं तर ती म्हणाली, १९६२ ला आणली ती गिटार, पेटी नंतर आली असेल. मामी मात्र म्हणते पेटी तिच्या लग्नाच्या वर्षी आली, आणि ते १९६६ च.

म्हापशाला एक जुने रेडिओ मेकॅनिक आहेत, त्यांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी आधी सिरीज बोर्डवर घेतला. बल्ब मंद झाला. मागच्या पट्टीवर ११७ व्होल्ट, ६० सायकल छापलंय, म्हणून स्टेपडाउन बांधायला टाकलाय, तोवर पूर्ण व्होल्टेज देणार नाही म्हणाले. पत्र्याच्या झाकणाखालचे कंडेन्सर दोन फुगलेत. बाकी सोल्डर कुणी उघडलेलं नाही असं त्यांचं मत. पॉटवर ३०४-६४४८ आहे. स्पीकरच्या कोनावर बुरशीचे ठिपके आहेत पण फाटलेला नाही.

बुरशी कशाने पुसू? आणि पेटी पावसात ठेवायची कुठे? विकायची नाही असं घरात ठरलंय. भाचा शिकतोय गिटार.

टोलेक्स

३०४-६४४८ म्हणजे स्टॅकपोलचा पॉट, १९६४ चा ४८ वा आठवडा. चौथी साक्षही जुळली. न्यूयॉर्कच्या शिक्क्याच्या त्या पानाचा एक फोटो छापून पेटीतल्या पाकिटात ठेवा.

बुरशी: ओलं काही लावू नका, कोन नरम पडेल. कोरड्या मऊ ब्रशने, रंगकामाचा चालेल, मधून कडेकडे हलक्या हाताने. मास्क लावून, अंगणात. मग चार दिवस सावलीत वाऱ्यावर, उन्हात नको.

ठेवायला माळा नको आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून तर नकोच. जमिनीपासून फूटभर वर, मागची बाजू मोकळी. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती चादर पुरे. आणि दुरुस्ती झाली की पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, व्हॉल्व्हच्या उष्णतेने आतली पट्टी आपोआप सुकती राहते. भाच्याला सांगा, स्पीकरची वायर काढून ॲम्प कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

सोल्डरगन

फिल्टर कंडेन्सर बदलताना व्होल्टेज रेटिंग मूळच्यापेक्षा कमी घेऊ नका, आणि ते म्हापशाचे मेकॅनिक इथे प्रश्न विचारणार असतील तर त्यांना माझा निरोप द्या. फायबरच्या पट्टीवर मीटर टेकवून किती व्होल्ट येतात ते मला कळवा.